‘व’च्या अलीकडे

१९०६ सालापर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. नाव लिहायला एक शब्द पुरायचा. त्या वर्षी इंग्रज सरकारने त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आणि नावात ‘व’ शिरला. १९६० मध्ये पूर्वेचं जळगाव झालं, पश्चिमेचं धुळे. ‘व’ जागच्या जागी राहिला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि सरकारी कागदावर स्वल्पविराम आला: जळगाव, धुळे व नंदुरबार.

दोघांत ‘व’ भागवतो. तिसरा आला की स्वल्पविराम लागतो.

*

चोपड्यापासून साक्रीपर्यंत कुठल्याही बाजाराच्या गावात कृषी सेवा केंद्राची पाटी वाचा. ‘रासायनिक खते, बी-बियाणे व कीटकनाशके.’ खतांनंतर स्वल्पविराम आहे, बियाण्यांनंतर नाही. पाटी रंगवणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. तो ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करील, ‘कीटक’चा ‘किटक’ करील, पण ‘व’च्या अलीकडे शेपटीचं टिंब देणार नाही. ती जागा ‘व’ची, तिथे दुसऱ्याने बसायचं नाही, एवढं त्याच्या हाताला माहीत असतं.

इंग्रजीत नेमक्या त्याच जागेवरून भांडण आहे. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाचं म्हणणं, यादीतल्या शेवटच्या ‘अँड’च्या अलीकडेही कॉमा द्या. बहुतेक इंग्रजी वर्तमानपत्रांचं म्हणणं, नका देऊ. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. दोन्हीकडे शहाणी माणसं असली की समजावं, भांडण नियमाचं नाही, सवयीचं आहे.

*

यादीचं सोडा. खरी अडचण दोन वाक्यं जोडली जातात तिथे.

इंग्रजीचा नियम फळ्यावरच्या एका ओळीत मावतो. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ यांच्या दोन्ही अंगांना पुरी वाक्यं असतील तर अलीकडे कॉमा. पलीकडे कर्त्याशिवायचं अर्धंच असेल तर नको. ‘ही केम टु जळगाव अँड बॉट बनानाज.’ इथे कॉमा नाही. ‘ही केम टु जळगाव, अँड ही बॉट बनानाज.’ इथे आहे. माणूस तोच, केळी तीच, पैसेही तेवढेच गेले. फरक एका ‘ही’चा. दुसऱ्या क्रियापदाने आपला कर्ता स्वतंत्र मांडला. एकत्र कुटुंबात ज्याची चूल वेगळी झाली त्याची शिधापत्रिका वेगळी निघते, तसा हा कॉमा.

वाक्यं अगदी आखूड असली तर इंग्रजी हा कॉमा माफही करते. छोटी वाटणी तोंडी चालते.

‘बिकॉज’च्या अलीकडे मात्र सहसा काही द्यायचं नसतं. आपली मुलं तिथे हटकून देतात, कारण मराठीत ‘कारण’च्या अलीकडे ती देतात. (मीही आत्ता दिला.)

*

धुळ्याकडचा माणूस अहिराणीत सांगतो: ‘बजारमा जाईसन, भाजी लईसन घर उना.’ कामं तीन, वाक्य एक, आणि ‘आणि’ एकही नाही. प्रमाण मराठीतही तेच: बाजारात जाऊन, भाजी घेऊन घरी आला. शेवटचं क्रियापद मालक. आधीची दोन त्याच्यामागे अंग चोरून उभी.

आता यात बघण्यासारखं हे की, ‘ऊन’ लावलं त्या क्षणी कर्ता एकच हे ठरून गेलं. कर्ता बदलायचा असेल तर मराठी ‘ऊन’ सोडून देते आणि ‘वर’ धरते. ‘पाऊस आल्यावर आम्ही कापूस झाकला.’ इथे ‘पाऊस येऊन आम्ही कापूस झाकला’ असं शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही म्हणणार नाही. दुसरं काम करणारा तोच की निराळा, हे सांगायला इंग्रजीला कर्ता पुन्हा मांडावा लागतो आणि अलीकडे कॉमा द्यावा लागतो. मराठीने, आणि तिच्याहून घट्ट अहिराणीने, ते क्रियापदाच्या शेवटाला बांधून टाकलं आहे.

त्यामुळे साक्रीच्या मुलाला इंग्रजी लिहिताना कॉमा सुचत नाही. त्याच्या भाषेत जोड शब्दाच्या पोटात असतो. इंग्रजीत तो दोन शब्दांच्या मधे उघड्यावर पडलेला असतो, आणि उघड्यावरच्या वस्तूला खूण करावी लागते.

खूण न करणं हा त्याचा आळस नव्हे. त्याला तिथे भेगच दिसत नाही.

*

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. १९२७ मध्ये तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचं आयुष्य मोडी कागद जमवण्यात आणि वाचण्यात गेलं, म्हणून विरामचिन्हांबद्दल लिहिताना त्यांच्या दारावरून जावंच लागतं.

मोडी कागद जवळून बघावा. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं, लेखणी होता होईतो न उचलता. शब्दाशब्दांत जागा नाही. वाक्यावाक्यांत जागा नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. या लिपीत शतकानुशतकं जमिनी दिल्या-घेतल्या गेल्या, वतनांचे निवाडे झाले, तह झाले. चिन्ह नव्हतं म्हणून अडलं नाही.

वाचणारा थांबायचा कुठे? क्रियापदावर. मराठीत ते शेवटी बसतं. ते आलं की वाक्य आपसूक मिटतं. पत्राचा शेवट ‘जाणिजे’ सांगायचा. शिवकालीन पत्रावर तर शेवटी मुद्रा उठायची, ‘मर्यादेयं विराजते’. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. पूर्णविराम शिक्क्याने मारायची ही रीत. हल्लीच्या पूर्णविरामाला एवढं वजन नाही.

*

मराठीत चिन्हं आली ती इंग्रजीच्या पाठोपाठ. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणाऱ्या मेजर थॉमस कँडीने १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. परक्या माणसाने आपल्याला थांबायला शिकवलं, असं म्हणून राग मानणारे आहेत. मला राग येत नाही. त्याने मराठीवर मन लावून काम केलं, आणि गद्य छापायचं तर काहीतरी खुणा लागणारच होत्या.

राग यावा तर पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा यावा. चिन्हं घेतली, पण ती कुठे द्यायची हे आपण पुरतं ठरवलं नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम अनुस्वार पाहतात, ऱ्हस्व-दीर्घ पाहतात, सामान्यरूपं पाहतात. स्वल्पविरामाबद्दल त्यांत अवाक्षर नाही.

*

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून धुंडाळून आणलेली रामदासी हस्तलिखितं तिथे जपली आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेचा. अक्षर वाटोळं हवं, सरळ हवं, मोकळं हवं. ओळी कशा असाव्यात, शाई कशी असावी. पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं, जणू एका हाताने एका बैठकीत लिहिलं. समर्थांनी एवढा बारकावा पाहिला आणि थांबायचं कुठे याचा उल्लेख केला नाही.

लागतच नव्हता. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बंद होतात, चौथा आखूड पडतो आणि वाचणाऱ्याचा श्वास सुटतो.

कान तयार असेल तर डोळ्याला खुणा कमी लागतात. आता कान गेले, म्हणून चिन्हांची चंगळ.

*

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. असोद्याची लेक, जळगावात नांदली. जात्यावर, शेतात गात राहिली. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ते टिपून ठेवलं. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्या पुस्तकातला एकही स्वल्पविराम बहिणाबाईंचा नाही. ओळ कुठे मोडायची हे जात्याच्या फेऱ्याने आधीच ठरवलं होतं. लिहिणाऱ्यांनी ऐकून खूण केली.

त्याच १९५२ साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, व्युत्पत्तिकोशाचे कर्ते. एकाच वर्षी जिल्ह्यात भाषाशास्त्रज्ञ पाहुणा आला आणि जिल्ह्याच्या घरातली निरक्षर कवयित्री महाराष्ट्राला भेटली. चिन्हांचं ज्ञान एकाकडे होतं, थांबण्याचं दुसरीकडे.

*

मराठीतला खरा कॉमा-कज्जा ‘की’चा आहे.

‘अधिकारी म्हणाले, की गिरणेचं आवर्तन सोमवारी सुटेल.’ का ‘अधिकारी म्हणाले की, गिरणेचं आवर्तन सोमवारी सुटेल’?

पहिल्या बाजूचा युक्तिवाद व्याकरणाचा. ‘की’ हे उभयान्वयी अव्यय, ते पुढच्या वाक्याचं तोंड. तेव्हा चिन्ह त्याच्या अलीकडे हवं. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद जिभेचा. वाक्य मोठ्याने म्हणून बघा. श्वास ‘म्हणाले’वर तुटत नाही, ‘की’नंतर तुटतो. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हे मिटत नाही. वार्ताहर ‘की’च्या पलीकडे कॉमा टाकून बातमी पाठवतो, मुद्रितशोधक तो उचलून अलीकडे आणतो. दुसऱ्या दिवशी वार्ताहर पुन्हा पलीकडे टाकतो. निवृत्त होईपर्यंत दोघे हेच करतात. बातमीत सोमवारच्या जागी मंगळवार पडलेला असतो तो दोघांनाही दिसत नाही.

माझा कौल तिसरा आहे. कुठेच देऊ नका. ‘अधिकारी म्हणाले की आवर्तन सोमवारी सुटेल.’ ‘म्हणाले’ला कर्म हवं आहे आणि ते कर्म म्हणजे पुढचं सगळं वाक्य, क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे खांब रोवायचा कशाला? चिन्ह ज्या भाषेतून आलं तिची शिस्तही हीच. ‘सेड दॅट’च्या अलीकडे-पलीकडे इंग्रजी सहसा काही देत नाही. (वर ‘आता यात बघण्यासारखं हे की’ यापुढे मी स्वतः कॉमा दिला आहे. तिथे दम घ्यायचा होता. नियम सांगणाऱ्याने एखादी पळवाट ठेवावी.)

चौथी रीत मात्र या तिघांहून जुनी आणि सोपी आहे. ‘आवर्तन सोमवारी सुटेल, असं अधिकारी म्हणाले.’ ‘की’ नाही, भांडण नाही. पाटाच्या कडेला उभा असलेला शेतकरी तेही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘सोमवारी सुटणार म्हणे.’ त्यात अधिकारी आले, त्यांचं बोलणं आलं, आणि त्याच्यावरचा अविश्वास वरकड मिळाला.

*

‘पण’च्या अलीकडे काय द्यायचं?

इंग्रजी म्हणते कॉमा. मराठीचं शालेय व्याकरण म्हणतं अर्धविराम: दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असताना अर्धविराम द्यावा. ‘बोंड फुटलं; पण भाव फुटला नाही.’ कापसाच्या मुलखात हे वाक्य दरसाल लिहायची वेळ येते, आणि त्यात अर्धविराम शोभून दिसतो. फुटलेलं बोंड वाट बघत उभं आहे, एवढा वेळ त्याने मिळतो.

वर्तमानपत्रांतून अर्धविराम जवळजवळ गेला. तिथे आता एक तर स्वल्पविराम नाही तर काहीच नाही. अर्धविराम जिवंत आहे तो स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत. जळगावात, धुळ्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या खोल्यांत मुलं त्याची व्याख्या पाठ करतात. एका गुणाचा प्रश्न येतो. नोकरी लागली की ती फायलीवर ‘सबब’, ‘तथापि’ लिहायला शिकतात आणि अर्धविराम पुन्हा कुणाला दिसत नाही.

‘आणि’च्या आधी थांबणं मर्जीवर आहे. ‘पण’च्या आधी थांबणं भाग आहे, ऐकणाऱ्याला पाय रोवायला वेळ हवा.

‘स्थळ चांगलं आहे, पण’. पुढचं कुणी ऐकत नाही.

*

एका न दिलेल्या कॉमाची किंमत ५० लाख डॉलर झाली.

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या गाड्या चालवणाऱ्यांनी जादा कामाचा वाढीव पगार मागितला. राज्याच्या कायद्यात या पगारातून वगळलेल्या कामांची यादी होती: डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं असं करत करत शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘ऑर’च्या अलीकडे कॉमा नव्हता. डेअरी म्हणाली, वितरण हे यादीतलं वेगळं काम. चालक वितरण करतात, त्यांना पगार नाही. चालक म्हणाले, काम एकच, बांधणी. मग ती पाठवणीची असो की वितरणाची. आम्ही बांधत नाही, नेतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धतेचा फायदा चालकांना दिला, २०१८ मध्ये तडजोड झाली. २०१७ च्या निकालानंतर विधिमंडळाने कायद्यातली यादी दुरुस्त केली आणि सगळीकडे अर्धविराम घातले. म्हणजे ‘ऑर’च्या अलीकडे जिथे कॉमाही नव्हता तिथे आता अर्धविराम आहे. आपल्या शालेय व्याकरणाला ऐकून बरं वाटेल.

आता तेच मराठीत लिहून बघा. ‘पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण’ हा एक अर्थ. ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ हा दुसरा. मराठीत दोन्ही अर्थांना एकच वाक्य पुरत नाही. ‘साठी’ कुठे बसतो आणि ‘बांधणी’ कुठे उतरते यावरच निकाल लागतो. जो खटला इंग्रजीत काही वर्षं चालला तो मराठीत दाखलही झाला नसता.

*

आपल्याकडचा खटला कमी गाजला. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २७ मध्ये विक्रीसाठी बनवणं, विकणं, साठवणं किंवा विक्रीसाठी मांडणं अशी गुन्ह्यांची ओळ होती. इंग्रजी मसुद्यात ‘सेल्स’नंतर कॉमा होता; ‘स्टॉक्स’नंतर, ‘ऑर’च्या अलीकडे, नव्हता. महाराष्ट्रातून गेलेल्या आणि १९७९ च्या निकालपत्रांत छापलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. कॉमा नाही, तेव्हा ‘साठवणं’ पुढच्या ‘विक्रीसाठी’ला जोडलेलं आहे, औषध नुसतं जवळ बाळगणं या कलमाखाली गुन्हा नाही.

त्याच न्यायालयाने १९५२ मध्ये, एका वेगळ्या प्रकरणात, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हाला दुय्यम स्थान असतं असं म्हटलं होतं. दोन्ही खरं आहे. चिन्ह दुय्यम साक्षीदार. दुसरा कुणी हजर नसला की त्याचीच साक्ष नोंदवतात.

*

मराठी खरेदीखत वाचावं. विकणारा जमीन देतो ती ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह’. सात वस्तू, ‘आणि’ एकही नाही, ‘व’ही नाही. सगळ्यांना शेवटी ‘यांसह’ बांधतो. ते आल्यावर आतलं काय कशाला जोडलंय हा प्रश्न उरत नाही. इंग्रजीला या कामासाठी तयार शब्द नाही, म्हणून ती शेवटच्या ‘अँड’च्या अलीकडे एक वळवळणारं टिंब ठेवून त्याच्याकडून हे काम करून घेते.

ज्यांच्या शेतात निधी सोडा, पाणीही नाही, त्यांच्या खतातही हे सातही शब्द असतात. लिहिणाऱ्याची लेखणी ‘जल’वर अडखळत नाही.

*

एवढ्यावरून मराठी लई शहाणी असं कुणी समजू नये. तिचीही भोकं आहेत, आणि ती कॉमाने बुजत नाहीत.

‘थकीत कर्ज व व्याज माफ.’ थकीत काय? कर्ज नुसतं, की व्याजही? ‘अल्पभूधारक व महिला शेतकरी.’ दोन्ही अटी एकाच बाईने पुऱ्या करायच्या, की कुठलीही एक चालेल? ‘व’च्या अलीकडे स्वल्पविराम देऊन बघा, काही उजेड पडत नाही. पडतो तो शब्द पुन्हा लिहिल्याने: ‘थकीत कर्ज व थकीत व्याज’. ‘अल्पभूधारक शेतकरी, तसेच सर्व महिला शेतकरी’. एक शब्द जास्त गेला, कागद तेवढाच लागला.

सरकारी मसुद्यात ‘आणि/किंवा’ लिहिण्याची रीत आहे. ती तिरपी रेघ म्हणजे लिहिणाऱ्याने निर्णय वाचणाऱ्याच्या गळ्यात घातला. अर्ज फेटाळला जातो तो नेमका त्या रेघेवर.

*

भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांनी धुळ्यात इंग्रजी शिकवलं आणि पुढे इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम यावर इंग्रजीत जाड पुस्तक लिहिलं, १९९० मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६३ च्या ‘कोसला’त, त्यांच्या पांडुरंग सांगवीकराने यादीचा शेवट करायची आपली युक्ती काढून ठेवली होती: ‘वगैरे’. ‘वगैरे’च्या अलीकडे काय द्यायचं यावर ऑक्सफर्डचं मत नाही. यादी जिथे कंटाळा आला तिथे सोडायची, आणि कंटाळाही यादीतच धरायचा.

एक पिढी त्यानंतर ‘वगैरे’ लिहीत सुटली. बहुतेकांचा कंटाळा उसना होता.

*

मोबाइलवर मराठी लिहिणारे हल्ली स्वल्पविराम देत नाहीत, पूर्णविरामही देत नाहीत. ते दोन टिंबं देतात.. असं.. आणि पुढे जातात.. वाक्य संपलं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मोडीवाल्याने निदान क्रियापद तरी जागेवर ठेवलं होतं.

तरी मी या दोन टिंबांची टिंगल करणार नाही. पूर्णविराम त्यांना कठोर वाटतो, स्वल्पविराम शाळेतला वाटतो. बोलण्यातला दम त्यांना कागदावर हवा आहे, आणि त्यासाठी कुणी चिन्ह दिलं नाही म्हणून त्यांनी स्वतः घेतलं. पितांबर चौधरींनी ऐकून खूण केली. हेही ऐकूनच करतात, फक्त स्वतःला ऐकून.

*

लग्नपत्रिका हा मराठीतला सगळ्यात काटेकोर तपासला जाणारा मजकूर. मामांची नावं मानाप्रमाणे लागतात, काकांच्या आधी आत्याबाई आल्या तर पत्रिका पुन्हा छापतात. त्यात वर आणि वधू यांच्या नावांमधे ‘व’ एकटा असतो, स्वतंत्र ओळीवर, मधोमध, मोठ्या टायपात. त्याच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही. छापणाऱ्याला सांगावं लागत नाही.

खाली ‘आपले विनीत’ म्हणून जी चाळीस नावं येतात, तिथे स्वल्पविराम सुरू होतात.

*

इंग्रजीचे पेपर तपासणाऱ्यांना एक विनंती. जळगाव-धुळ्याच्या मुलाने ‘अँड’च्या अलीकडे कॉमा दिला नाही, तर लाल पेन उघडण्याआधी त्याला एवढंच विचारा: दुसरं काम कुणी केलं? त्याने बरोबर सांगितलं तर जोड त्याला कळलेला आहे. खूण पुढच्या तासाला शिकवा. आणि मराठीच्या पेपरात ‘की’च्या अलीकडचा किंवा पलीकडचा कॉमा बघून अर्धा गुण कापणं आजपासून बंद करा. त्याचा नियम महामंडळाच्या अठरांमध्ये नाही.